पेशंटचे वजनकाटे: निवडीपासून पासिंगपर्यंतच्या नोंदी

5 मे 2025
वजनकाट्यांची फाईल आज उघडली. ट्रस्टींनी जुने काटे बदलायला मंजुरी दिलीय ही मोठीच गोष्ट, कारण मोठ्या मशीनसाठी पैसे पटकन निघतात आणि काट्याची आठवण कुणालाच नसते. पण परचेसकडून आलेल्या चिठ्ठीवर फक्त "वजनकाटे, डिजिटल, 8 नग" आणि खाली सही. कुठल्या वॉर्डला, किती किलोपर्यंत, किती ग्रॅम वाचणारे, काही नाही. म्हणजे एकच मॉडेल आठ वेळा उचलायचं. परचेसच्या काकांना सांगून आले की मला थोडे दिवस द्या, आधी प्रत्येक वॉर्डात जाऊन बघते की तिथं वजन घेतल्यावर पुढे त्यावरून नक्की काय ठरतं, गोळी ठरते, पाणी ठरतं, की नुसतं केसपेपरवर रकाना आहे म्हणून भरतात. त्यावरून काटा ठरेल. काका म्हणाले, "ताई, काटा म्हणजे काटा, त्यात काय एवढं." मला नाही पटत. वजन चुकलं की त्यावर मोजलेला डोस चुकतो, आणि तो चुकलाय हे कुणाला कळतही नाही, कारण आकडा तर स्वच्छ छापल्यासारखा समोर दिसतो.

7 मे
ओपीडी. तिथं काचेचा घरगुती बाथरूम काटा ठेवलाय, चौकोनी, निळा. सिस्टर म्हणाल्या की हा एकदम पक्का आहे, कितीही वेळा चढा, तोच आकडा. मी चढले, 61.4. उतरून परत चढले, 61.4. मग मोबाइल आणि चाव्यांचा जुडगा हातात घेऊन चढले, तरी 61.4. मग टेबलावरचं जाडजूड ओपीडी रजिस्टर उचलून चढले तेव्हा कुठे आकडा हलला.

हे नवीन नाही, बऱ्याच घरगुती काट्यांत अशी सोय असते की मागचं वजन लक्षात ठेवायचं आणि नवीन वजन त्याच्या आसपास आलं तर तोच आकडा परत दाखवायचा, म्हणजे घेणाऱ्याला वाटतं मशीन किती स्थिर आहे. घरी आठवड्यातून एकदा बघायला ठीक आहे. पण ओपीडीत एका पाठोपाठ एक माणसं चढतात आणि दोघांचं वजन जवळपास असलं तर दुसऱ्याला पहिल्याचा आकडा मिळू शकतो! सिस्टरना दाखवलं तर त्या गप्पच झाल्या, मग स्वतः चढून हातात स्टेपलर घेऊन बघितलं. हा काटा आजच उचलला. स्टोअरमधला जुना डायलवाला बाहेर काढला, तो निदान काय चुकतो ते उघड दिसतं.

आता कुठलाही काटा बघायला गेले की पहिली परीक्षा हीच: चढा, उतरा, दोन-तीनशे ग्रॅम हातात घ्या, परत चढा.

9 मे
डायलिसिस. सकाळच्या शिफ्टला पूर्ण वेळ उभी राहिले कारण सगळ्यात जास्त वजनं इथंच घेतली जातात आणि सगळ्यात लगेच वापरली जातात. पेशंट आला की वजन, चार तासांनी उठला की वजन. ड्राय वेट, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन, ते डॉक्टर ठरवतात. आजच्या वजनातून ड्राय वेट वजा केलं की किती पाणी काढायचं ते निघतं, एक किलो म्हणजे एक लिटर, इतका सरळ हिशोब. त्यातही तासाला किलोमागे 13 मिलिलिटरच्या वर जायचं नाही हे सांभाळतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाचं तासाला 780 मिली, चार तासांत तीन लिटरच्या थोडं वर. त्याहून घाईनं ओढलं तर बीपी पडतं, पायात गोळे येतात, हृदयावर ताण येतो. आणि काढायचं राहिलं तर रात्री दम लागून पेशंट परत दारात.

इथली गंमत समजून घ्यायला हवी. काटा कायमच 300 ग्रॅम जास्त दाखवत असेल तर एका अर्थी फार बिघडत नाही, कारण ड्राय वेटही त्याच काट्यावर ठरलेलं असतं आणि वजाबाकीत चूक निघून जाते. घात होतो तो काटा हळूहळू सरकला तर, किंवा आज या काट्यावर आणि परवा त्या काट्यावर वजन घेतलं तर. आणि इथं नेमकं तेच चाललंय, दाराजवळ एक काटा, आतल्या बाजूला दुसरा, जो रिकामा असेल त्यावर चढवतात. मी दोन्हीवर चढून बघितलं, 700 ग्रॅमचा फरक. 700 ग्रॅम म्हणजे पाऊण लिटरच्या जवळ पाणी आहे हे इन्चार्ज सिस्टरना सांगायची गरजच पडली नाही, त्यांनीच लगेच आतला काटा उचलून बाहेर ठेवायला लावला.

दुसरी गोष्ट व्हीलचेअरची. एका आजींना उभं राहता येत नाही, तर दोन मामा (वॉर्डबॉय) दोन्ही बाजूंनी काखेत धरून त्यांना काट्यावर उभं करतात आणि सिस्टर वाकून आकडा वाचतात. तो आकडा आजींचा किती आणि मामांच्या हातांनी उचललेला किती, कुणी सांगू शकत नाही. एक मामा म्हणाले, "ताई, सोडलं तर आजी पडतील आणि धरलं तर वजन चुकतं, तुम्हीच सांगा काय करू." त्यांचं अगदी बरोबर आहे. इथं व्हीलचेअरसकट चढवायचा काटाच पाहिजे, रॅम्पवाला, यात चर्चेला जागा नाही.

जे चालत येतात त्यांच्यासाठी दोन्ही बाजूंना धरायला रेलिंग हवं. डायलिसिसनंतर उठल्यावर चक्कर येते, आणि ज्यांचा फिस्टुला (डायलिसिसच्या सुयांसाठी हातात जोडून केलेली शीर) डाव्या हाताला आहे त्यांना उजवीकडे धरायला मिळालं पाहिजे, उजवा असेल त्यांना डावीकडे. पण रेलिंग त्याच प्लॅटफॉर्मवर जोडलेलं पाहिजे. भिंतीला बसवलेलं रेलिंग धरलं की वजन भिंतीत जातं.

13 मे
टीबीच्या औषधांचा कोपरा, तळमजल्यावर. इथं मला वाटलं होतं की काटा साधा चालेल, आणि बसून फाईली बघितल्यावर मत बदललं. टीबीच्या एकत्र गोळ्या वजनाच्या पट्ट्यांवर देतात: 25 ते 34 किलो दोन गोळ्या, 35 ते 49 तीन, 50 ते 64 चार, 65 ते 75 पाच, त्यावर सहा. म्हणजे 50 च्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाला काटा ठरवणार की रोज तीन गोळ्या की चार, आणि हे सहा महिने चालणार. 50.2 किलोचा माणूस 600 ग्रॅम कमी दाखवणाऱ्या काट्यावर 49.6 होतो आणि एक गोळी रोज कमी घेतो. आमच्या भागातले पेशंट आधीच खंगलेले असतात, 48, 49, 51, असेच आकडे जास्त दिसले रजिस्टरमधे. म्हणजे नेमकी जिथं सगळ्यात जास्त माणसं आहेत तिथंच ही सीमारेषा पडते.

शिवाय दर महिन्याचं वजन हे इथं बरं होतंय का याचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जुनं माप आहे. निक्षय पोषणचे, म्हणजे टीबीच्या पेशंटना खाण्यासाठी मिळणारे सरकारी पैसे नोव्हेंबर 2024 पासून महिन्याला 500 चे 1000 झाले, एक मुलगा सांगत होता की त्यातून अंडी आणि शेंगदाणे घेतो, आणि काट्यावर चढायच्या आधी चपला, बेल्ट, खिशातलं पाकीट सगळं स्वतःहून काढून ठेवलं, म्हणाला, "मॅडम, खरं किती वाढलं ते बघायचंय." त्याला खरा आकडा मिळाला पाहिजे.

15 मे
मॅटर्निटी आणि लहान मुलं. नवजात बाळाचं वजन पहिल्या दिवसांत उतरतंच, सात टक्क्यांपर्यंत उतरलं तर सहसा कुणी घाबरत नाही, दहाच्या वर गेलं की डॉक्टर अस्वस्थ होतात. 3 किलोच्या बाळाला सात टक्के म्हणजे 210 ग्रॅम आणि दहा टक्के म्हणजे 300. मधलं अंतर फक्त 90 ग्रॅमचं. पुढे बाळ दूध नीट घ्यायला लागलं की दिवसाला वीस-तीस ग्रॅम वाढतं. 100 ग्रॅमच्या टप्प्यानं वाचणारा काटा इथं आंधळा आहे, 5 किंवा फार तर 10 ग्रॅमचाच लागेल.

आईला बाळासकट चढवायचं आणि नुसत्या आईचं वजन वजा करायचं ही पद्धत ओपीडीत थोड्या मोठ्या, रडणाऱ्या मुलांसाठी ठीक आहे. नवजाताला अजिबात नाही. 60 किलोच्या आईला काटा कायद्यात बसूनही 100 ग्रॅम इकडेतिकडे दाखवू शकतो, दोनदा चढली तर दोन्ही चुका जमा होऊन 200 पर्यंत जाऊ शकतात. आईला मात्र सांगितलं जाणार की बाळाचं वजन घटलंय, आणि ती बिचारी स्वतःच्या दुधाला दोष देत बसणार.

वॉर्डातल्या मावशींनी एक चांगली गोष्ट दाखवली. काटा पंख्याच्या बरोबर खाली आहे, पंखा पाचवर असला की रिकाम्या ट्रेवरही आकडा नाचतो. शिवाय उघड्या बाळाला वारा लागतो ते वेगळंच. काट्याची जागा बदलायची, कोपऱ्यातल्या ओट्यावर. आणि हालणाऱ्या बाळाचं सरासरी काढून आकडा धरून ठेवणारं होल्ड फंक्शन हवंच. कपडा आधी ठेवून शून्य करायचं, बाळ ठेवायचं, आणि कपडा ओला झाला तर तो बदलून परत शून्य.

20 मे
कायद्याची बाजू. काट्याच्या पाठीवरची किंवा बाजूची प्लेट वाचायला शिका असं मी सगळ्यांना सांगणार आहे, तिथं सगळं लिहिलेलं असतं. मॅक्स, मिन, ई, आणि लंबगोलात रोमन आकड्यात वर्ग. पेशंटसाठी वर्ग तीन पाहिजे, चार नको. ई म्हणजे ज्या टप्प्यावर काट्याची पडताळणी होते तो. ई 100 ग्रॅम असेल तर वर्ग तीनच्या नव्या काट्याला 50 किलोपर्यंत 50 ग्रॅमची आणि त्यापुढे 200 किलोपर्यंत 100 ग्रॅमची चूक माफ. आणि मिन म्हणजे ई च्या 20 पट, म्हणजे अशा काट्यावर 2 किलोखालचं काहीही मोजायचंच नाही, कमी दिवसांचं बाळ तर नाहीच नाही.

वर्ग तीनमधे एकूण टप्पे 10,000 च्या वर जात नाहीत. हे लक्षात ठेवलं की सेल्समनचं बोलणं लगेच पारखता येतं. कुणी म्हणालं की आमचा काटा 200 किलोपर्यंत 10 ग्रॅम दाखवतो, तर ते 20,000 टप्पे झाले, तो शेवटचा आकडा डिस्प्लेवर दिसतो पण त्याला पाठीमागे कुणाची हमी नाही.

शिवाय मॉडेल अप्रूव्हलचा नंबर प्लेटवर हवा, परदेशी काट्यालासुद्धा, आणि वैधमापनचं, म्हणजे सरकारच्या वजन-माप खात्याचं, पासिंग दर वर्षी. युरोपातही निदान आणि उपचारासाठी पेशंटचं वजन घेणारे काटे कायद्यानं तपासलेलेच लागतात, दुकानातल्या तराजूसारखे. आपल्याकडे भाजीवाल्याचा काटा पासिंगचा आहे का ते बघतात, हॉस्पिटलचा कुणी विचारत नाही. आमच्याकडे आता विचारणार.

26 मे
आजच मान्सून आला मुंबईत, इतक्या लवकर कधी आला नव्हता म्हणतात. आचार्य अत्रे चौकाच्या नव्या मेट्रो स्टेशनात पाणी शिरलं, लोकल रखडल्या, दोन वेंडर येणार होते, कुणी पोचलं नाही. आमच्या तळमजल्याच्या भिंतीला ओल आली.

त्या निमित्तानं जुने काटे उलटे करून बघितले. पायांचे स्क्रू गंजलेले, एकाच्या लोडसेलच्या (वजनाचा भार ओळखणारा आतला भाग) वायरीला उंदरानं कुरतडलंय, एकाच्या जोडडब्यात, जिथं वायरी जोडतात तिथं, झुरळांची वस्ती. दमट हवा, रोजचं ओलं फडकं, आणि डायलिसिसमधे जंतू मारायचं क्लोरीनवालं सोडियम हायपोक्लोराइट, हे तिन्ही मिळून काटा खातात. क्लोरीननं 304 ग्रेडच्या स्टीललाही बारीक खड्डे पडतात. स्पेसिफिकेशनमधे आजच भर घातली: लोडसेल सीलबंद, जोडडबा गॅस्केटवाला, वायर धातूच्या नळीतून, वरचं मॅट काढून धुता येईल असं आणि खोल खाचा नसलेलं. आणि साफ करायची पद्धत: हायपोक्लोराइटनं पुसलं की थोड्या वेळानं साध्या पाण्याच्या फडक्यानं परत पुसायचं.

29 मे
प्रिन्सेस स्ट्रीटला गेले. दुकानं चढउतार करून पाय दुखले पण उपयोग झाला. बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात "बजेट किती" आणि मी सांगते "प्लेट दाखवा". दोन दुकानांत प्लेटच नव्हती, नुसता स्टिकर. एका दुकानदारांनी मात्र न सांगता स्वतःच काटा पालथा करून दाखवला, लोडसेल कुठे, लेव्हलचा बुडबुडा कुठे, सील कुठे तुटलं तर पासिंग रद्द होतं, सगळं. त्यांना म्हटलं डेमोला या. बाथरूम काट्याची परीक्षा, ते दोन-तीनशे ग्रॅम हातात घेऊन चढणं, तिथल्या एका "हॉस्पिटल मॉडेल" म्हणून ठेवलेल्या काट्यावरही केली. आकडा हलला नाही.

परदेशी काट्यांबद्दल. हॅम्बुर्गची सेका, जपानची तानिता, ही नावं डॉक्टरांना माहीत आहेत आणि काटे चांगले असतात यात शंका नाही. पण लोडसेल वजन मोजत नाही, दाब मोजतो, आणि तो गुरुत्वाकर्षणावर ठरतो. हॅम्बुर्गला ते 9.814 च्या आसपास, मुंबईत 9.786. तिथल्या वजनांवर जुळवलेला काटा तसाच इथं ठेवला तर 70 किलोचा माणूस साधारण 200 ग्रॅमनं हलका दिसतो. म्हणून सेटिंगमधे इथली किंमत भरून किंवा इथल्या वजनांवर लावूनच घ्यायचा, आणि हे ऑर्डरमधे लिहायचं. दिल्लीहून आलेल्या काट्याला हा फरक पन्नास ग्रॅमच्याही आत आहे, ते चालून जातं.

4 जून
कॅज्युअल्टी आणि आयसीयू. झोपून आलेल्या पेशंटचं वजन नातेवाइकांना विचारतात किंवा डोळ्यांनी ठरवतात. पक्षाघातात गुठळी विरघळवायचं अल्टेप्लेज किलोला 0.9 मिलिग्रॅम देतात, जास्तीत जास्त 90. 60 किलोच्या माणसाला 75 समजलं तर 54 च्या जागी 67.5 मिलिग्रॅम जाणार, आणि या औषधाचा धोका म्हणजे मेंदूत रक्तस्राव. फिजिशियन सरांशी बोलले, ते म्हणाले "हे मला रोज खटकतं, पण त्या घाईत काटा कुठून आणू." बेडच्या चाकांखाली ठेवायचे चार पॅड किंवा काटा असलेला बेड, दोन्ही महाग, या मंजुरीत बसत नाही. पुढच्या बजेटला वेगळा प्रस्ताव लिहून ठेवला. तोपर्यंत एक गोष्ट फुकट करता येते: अंदाजे वजन असेल तर केसपेपरवर आकड्यापुढे "अंदाजे" लिहायचंच, म्हणजे पुढच्या शिफ्टचा डॉक्टर त्याला मोजलेलं समजणार नाही.

11 जून
डेमोचा दिवस. कॅलिब्रेशनवाल्यांकडून एम1 वर्गाची 20 किलोची वजनं मागवली, या वजनांची चूक एका ग्रॅमच्या आत असते म्हणून भरवसा ठेवता येतो. मामांनी ती उचलून उचलून घाम गाळला, त्यांचे खरंच आभार.

आधी 20, 40, 60, 80 असं चढवत गेलो, मग तसंच उतरवत. जाताना आणि येताना आकडा वेगळा आला तर लोडसेल थकलेला किंवा कुठेतरी घासतोय. मग कोपरे. एकच 20 किलोचं वजन चारही कोपऱ्यांत आणि मध्ये. पेशंट कधीच मध्यभागी नीट उभा राहत नाही, म्हातारी माणसं कडेला रेलिंगजवळ उभी राहतात, म्हणून मला ही परीक्षा सगळ्यात महत्त्वाची वाटते. एका स्वस्त काट्यात मागच्या डाव्या कोपऱ्याला 400 ग्रॅमचा फरक आला. वेंडर म्हणाला मधे उभं करा ना पेशंटला. त्यावर इन्चार्ज सिस्टरच बोलल्या, "तुम्ही चार तास डायलिसिस करून या आणि मग मधे उभे राहून दाखवा."

मग डिस्प्ले. ओपीडीत डिस्प्ले सिस्टरकडे तोंड करून हवा, रांगेतल्या सगळ्यांना एखाद्या बाईचं वजन दिसायचं काय कारण, आणि मोठ्यानं ओरडूनही सांगायचं नाही. डायलिसिसमधे उलटं, पेशंटला स्वतःचा आकडा दिसलाच पाहिजे, दोन दिवसांत किती पाणी प्यायलं त्याचा हिशोब तोच ठेवतो. तिथं दोन बाजूंचा डिस्प्ले घेतला.

किलो-पाउंडचं बटण सगळ्या काट्यांत सर्व्हिस मेनूतून बंद करून मागितलं. चुकून दाबलं गेलं तर 60 च्या जागी 132 दिसेल, ते कुणीतरी पकडेल, पण 12 किलोच्या मुलाचं 26 दिसलं तर ते मोठ्या मुलाचं वजन म्हणून सहज खपून जाईल.

18 जून
परचेस कमिटी. वॉर्डागणिक वेगळा काटा का, हे समजावायला मी नुसते आकडे नेले नाहीत, बाद केलेला काचेचा काटा टेबलावर ठेवला आणि ट्रस्टी साहेबांना चढायला सांगितलं, मग हातात त्यांचाच चष्मा, मोबाइल आणि फाईल दिली. आकडा तोच. पुढे फार बोलावं लागलं नाही.

ठरलं असं. ओपीडी, टीबी आणि गरोदर बायकांच्या तपासणीला 200 किलोचे, ई 100 ग्रॅमचे, उभे, खांबावर डिस्प्ले. डायलिसिसला व्हीलचेअरचा एकच मोठा प्लॅटफॉर्म, 300 किलोचा, 100 ग्रॅम, रॅम्प आणि रेलिंगसकट, चालणारे आणि बसून येणारे सगळे त्यावरच. नवजातांना 20 किलोचे, 5 ग्रॅमचे. आठ नग भरले नाहीत, कमी भरले, आणि एकूण खर्च तरीही चिठ्ठीतल्या अंदाजापेक्षा वर गेला कारण डायलिसिसचा काटा एकटाच भारी आहे. ब्लूटूथवाला घ्या असा एक आग्रह होता. आपल्या सॉफ्टवेअरमधे ते उतरवून घ्यायची सोयच नाही, म्हणून आत्ता नको, पण मागे पोर्ट असलेलं मॉडेल घेतलं.

27 जून
बसवणं सुरू. डायलिसिसच्या फरशीला मोरीकडे उतार आहे, पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम ठेवलेला, आणि काटा तिथंच ठेवायचा असं आधीपासून सगळ्यांच्या डोक्यात. काटा तीन अंशांनी कलला तर नुसत्या कलण्यानं 70 किलोला जवळजवळ 100 ग्रॅम कमी दाखवतो, वर एखादा पाय टाइलच्या सांध्यात बसला की आणखी काय होईल ते वेगळं. दाराजवळची सपाट जागा निवडली, गवंडीकाकांनी चौकोन घोटून लेव्हल करून दिला. पायांचे स्क्रू फिरवून बुडबुडा मधे आणला आणि जागेभोवती पिवळा पट्टा रंगवला. काटा तिथून हलवायचा नाही. हलवला तर परत लेव्हल आणि परत वजनांनी तपासणी.

प्रत्येक व्हीलचेअरचं वजन करून पाठीला ऑइलपेंटनं मोठ्या आकड्यात लिहिलं. एकाच कंपनीच्या दिसायला सारख्या दोन खुर्च्यांत 1.3 किलोचा फरक निघाला, एकीला मागे ऑक्सिजन सिलिंडरचा स्टँड वेल्ड केलेला. सिलिंडर असेल तर तो काढून वजन, आणि पायाची पट्टी बदलली तर खुर्चीचं वजन नव्यानं.

3 जुलै
ट्रेनिंग, तिन्ही शिफ्टना वेगळं, रात्रीचं मुद्दाम रात्रीच घेतलं. चपला काढून, जाड स्वेटर-पर्स बाजूला, युरिन बॅग धरून ठेवायची पण वजनातून ती वजा करायची आठवण ठेवायची. आकडा स्थिर झाला की लगेच केसपेपरवर, युनिटसकट, "किलो" लिहून. तळहातावर लिहून मग टेबलावर जाऊन उतरवायचं नाही. मागच्या वजनापेक्षा मोठा फरक आला तर परत चढवा आणि मग लिहा, फक्त जुना आकडा उतरवू नका.

रोज सकाळी मावशी किंवा मामा, जे काटा पुसतात, त्यांनीच 20 किलोचं वजन ठेवून आकडा रजिस्टरमधे लिहायचा. एक मावशी म्हणाल्या, मला इंग्रजी आकडे येत नाहीत. मराठी आकड्यात लिहा म्हटलं, दिसला तसा. डायलिसिसच्या काट्याला रोजची मर्यादा 100 ग्रॅम ठेवलीय, त्याबाहेर गेला तर मला फोन, रात्र असली तरी.

8 जुलै
वैधमापनचं पासिंग झालं, सील आणि शिक्का सगळ्यांना. प्रमाणपत्रं प्रत्येक काट्याजवळ भिंतीवर लावली, फाईलमधे कोंबली नाहीत. एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्य लॅबचं कॅलिब्रेशनही वेगळं करून घेतलंय, कारण पासिंग सांगतं की काटा मर्यादेत आहे, आणि कॅलिब्रेशनचा कागद सांगतो की कुठल्या वजनाला नेमका किती चुकतो. एनएबीएचच्या, म्हणजे हॉस्पिटलना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या, तपासणीलाही तोच लागेल.

21 जुलै
डायलिसिसच्या डॉक्टरांनी नवीन काट्यावर सगळ्या पेशंटचं ड्राय वेट पुन्हा ठरवायला घेतलंय, एकदम न बदलता, प्रत्येकाचं बीपी, सूज आणि श्वास बघत. बरोबर आहे, जुने आकडे जुन्या काट्यांचे होते. काहींचं अर्धा किलो खाली आलं, एकाचं वर गेलं. आजी आता खुर्चीसकट रॅम्पवरून चढतात, स्वतः डिस्प्ले बघतात आणि वाढलेलं असलं तर सिस्टरच्या आधी स्वतःच कबूल करतात की काल आमटी जरा जास्त झाली.

टीबीच्या कोपऱ्यात पट्ट्याच्या सीमेवर असलेल्या पेशंटची यादी काढून त्यांची वजनं नव्यानं घेतली, ज्यांचा पट्टा बदलला त्यांची नावं मेडिकल ऑफिसर मॅडमकडे दिली, गोळ्यांचा निर्णय त्या घेतील.

बाकी राहिलेलं: मॅटर्निटीतला दुसरा बाळकाटा यायचाय, वेंडरला परत फोन करायचा. आयसीयूच्या बेडखालच्या पॅडचा प्रस्ताव ऑगस्टच्या मीटिंगला ठेवायचा, सोबत फिजिशियन सरांचं पत्र जोडून. पुढचं पासिंग जुलै 2026 च्या आत, परचेसच्या काकांनी ती तारीख स्वतः त्यांच्या कॅलेंडरवर लाल पेननं लिहून घेतलीय.